बुरुलचाच्या शेजारची जागा

बुरुलचा आमच्या गावची सुईण. निम्म्या गावाची पोरं तिच्या हातावर जन्मली. भट्टीवाला तिच्यासाठी गरम रोटी बाजूला काढून ठेवतो, आणि लग्नघरी गेली की म्हाताऱ्या सरकून तिला आपल्यात बसवून घेतात. मी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि लहानपणापासून तिच्यावर जळते. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. ती हसते, मग मी आणखी जळते.

शाळा संपायला एक वर्ष राहिलं होतं, त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी एकाच दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला. गल्लीच्या टोकाला तुर्सुनताईचं घर. आमच्याकडे ताईला एजे म्हणतात, म्हणून ती सगळ्यांची तुर्सुन एजे. तिच्याकडे रविवारी पडदे ओढून दहा-बारा माणसं प्रार्थनेला बसायची, त्यांत आम्ही दोघी. नदीत आधी बुरुलचा उतरली, मागून मी. बाहेर आली तेव्हा ओल्या वेणीतही ती देखणी दिसत होती, मी भिजलेल्या मेंढीसारखी. काठावर सगळ्यांनी आधी तिलाच मिठी मारली. वीस वर्षं झाली, पण माझ्या लक्षात आहे.

सप्टेंबरात शाळा उघडली. आमच्या वर्गाची म्होरकी चिनारा. तिनं केस कापले की आठवड्यात सगळ्या मुलींचे केस कापलेले असायचे. तिनं एकदा मधल्या सुट्टीत विचारलं, "काय गं बुरुलचा, तुला रविवारी कधीच कसा वेळ नसतो?"

"प्रार्थनेला जाते. मी ईसाला मानते," बुरुलचा म्हणाली. दूध आणायला जाते म्हणावं, इतक्या सहज.

"अगं बाई! बाटलीस?"

"किती पोती पीठ दिलं गं त्यांनी?" मागून कुणीतरी ओरडलं.

मग चिनारा माझ्याकडे वळली. "नुरिला, तू हिच्या शेजारी बसतेस. तू पण का?"

"छे! मी कशाला?" म्हणाले, आणि दप्तर उचलून मागच्या बाकावर गेले. बुरुलचानं माझ्या रिकाम्या जागेवर आपलं दप्तर ठेवलं. मला वाटलं, घ्या, माझी जागा हिनं दप्तराला देऊन टाकली.

त्यानंतर वर्गात तिच्याशी कुणी नीट बोलेना. पण खरं सांगते, मला तेव्हाही तिचा हेवाच वाटायचा. शिव्या का होईनात, सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव. ती डबा उघडून, डोळे मिटून, शांतपणे प्रार्थना करून जेवायची. मी घास तोंडात असताना मनातल्या मनात घाईनं उरकायची, आणि मग घास गोड लागायचा नाही.

नोव्हेंबरात रमजान आला. रमजानात पोरं संध्याकाळी दारोदार जाऊन जारामाझानचं गाणं गातात, घरवाले खाऊ देतात आणि तळवे वर करून आशीर्वाद देतात. चिनारानं अख्ख्या वर्गाला न्यायचं ठरवलं. पण गाणार कोण? आवाज एकाच मुलीला होता. चिनारा नाक मुठीत धरून तिच्या बाकापाशी आली.

"हे बघ, तू गा. मागचं सगळं विसरलो आम्ही. एक गाणं तर म्हणायचंय!"

"मी येते. पिशवीही उचलते," बुरुलचा म्हणाली. "पण गाणार नाही. ती तुमची प्रार्थना आहे. मी मनात नसताना म्हटली तर तुमचीही फसवणूक."

"बघा, हिचा तोरा बघा!"

"मी गाते," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिची जागा मला मिळत होती. सोडते काय?

आणि गायले की हो! दर दारात तळलेले बोरसोक, सफरचंदं, गोळ्या. "काय गोड गळा आहे पोरीचा," म्हणायचे लोक. बुरुलचा मागे पिशवी खांद्यावर घेऊन उभी. मी मुद्दाम वळून तिच्याकडे बघायची.

शेवटी गल्लीचं टोक आलं.

"हे घर राहू दे," मी म्हणाले.

"राहू दे कशाला? हेच तर त्या लोकांचं घर. तोंडं बघू त्यांची," चिनारा म्हणाली आणि तिनं मला पुढे ढकललं.

मी गायला लागले. दार उघडलं, तुर्सुन एजे बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. दुसऱ्या कडव्याला माझा आवाज फाटला. ती एक शब्द बोलली असती तर माझं बिंग फुटलं असतं. पण तिनं आमच्या पिशवीत भरपूर खाऊ घातला, रिवाजाप्रमाणे पिठाचे तळवे वर केले आणि म्हणाली, "पोरींनो, पोरांनो, तुमची वाट मोकळी असो, तुमच्या घरी कधी चूल विझू नये. ईसाच्या नावानं."

आशीर्वादाला सगळ्यांनी 'ओमिन' म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवायचा असतो. कुणी फिरवेना. चिनारा दात विचकून हसली. तेवढ्यात मागून बुरुलचाचा एकटीचा आवाज आला, "ओमिन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुर्सुन एजे माझीपण! नदीत मीपण भिजले होते! हा आशीर्वादसुद्धा ही एकटीच घेऊन जाणार? विश्वासाबिश्वासाचं तेव्हा डोक्यातही नव्हतं. दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "ओमिन!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"तू पण?" चिनारा म्हणाली.

"मी पण. उन्हाळ्यापासून."

चिनारानं बुरुलचाच्या खांद्यावरची पिशवी हिसकली आणि सगळे निघून गेले. आम्ही दोघी घराकडे चालू लागलो. आता ही मला शाबासकी देणार, आणि मला ती नको होती.

"आज मी तुझ्यावर इतकी जळले, नुरिला," ती म्हणाली.

"माझ्यावर? तू?"

"ते गाणं मला आजोबांनी शिकवलं होतं. दर वर्षी मीच गायचे. आज प्रत्येक दारात ओठ दाबून उभी होते." मला वाटायचं, हिला सगळं सोपं जातं.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर मागच्या बाकावर माझ्या जागी चिनाराचा कोट पसरलेला. कुणी वर बघेना. मी दप्तर घेऊन मधेच उभी राहिले. पुढे बुरुलचानं शेजारच्या जागेवरचं आपलं दप्तर उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं.

अडीच महिने तिनं ती जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. तिच्या ठिकाणी मी असते तर धरली नसती, आणि म्हणून मी अजून जळते.