चार बोटं खाली

वैनीने फोनवर आधी विचारलं, "जेवलास की?" मी हो म्हटलं. तंजावूरच्या आमच्या घरात वाईट बातमी उपाशी माणसाला सांगत नाहीत. तिने पुढचं वाक्य उच्चारायच्या आधीच मला कळलं होतं. "तुझा अण्णा गेला रे. पेपर वाचत बसला होता, तसाच." मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता हे फक्त मलाच माहीत आहे, हा होता. सहा आठवडे झाले, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

अण्णा माझा आत्तेभाऊ, वैनीचा नवरा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. राजवाड्यामागच्या गल्लीत राहायचा, शेतकी खात्यात नोकरीला होता. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी त्याला वाचता येत नसे, मला पत्रं लिहायचा ती मराठीत, पण तमिळ अक्षरांत. वीस वर्षं तो मोपेडवरून कालव्यांचे बांध तुडवत भाताची रोगराई बघत फिरला, आणि या मितभाषी माणसाला एकच वेड होतं: वेगाने पळणाऱ्या छोट्या मोटारींचं. मी पुण्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागल्यापासून त्याला मोटारींची इंग्रजी मासिकं पाठवायचो. तो ती पाठ करायचा. आधी आपल्याकडे निवडायला होत्याच किती गाड्या? मग बाजार उघडला, परदेशी कंपन्या आल्या, आणि एक दिवस अण्णाचं पत्र आलं. पाच दारांची एक छोटी गाडी निघाली होती, दिसायला साधी, पण पोटात मोठ्या गाडीचं इंजिन. पेट्रोलमध्येही मिळत होती आणि डिझेलमध्येही. पत्राच्या शेवटी एवढंच होतं: तू सांगशील ती.

त्याचा कल डिझेलकडे होता. फोनवर तो मला नीट समजावून सांगायचा. डिझेल खालच्या वेगातच ओढतं, चार माणसं आणि तांदळाचं पोतं असलं तरी कुरकुरत नाही. त्याची आई, म्हणजे माझी आत्या, पापनाशमच्या पुढे एका खेड्यात अक्काबरोबर राहायची. अक्का म्हणजे अण्णाची थोरली बहीण, तिथल्या शाळेत शिक्षिका, लग्न न केलेली. आठवड्याला एक फेरी तिकडे ठरलेली. त्या रस्त्याला डिझेलच बरं, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर होतं. माझ्या धंद्यामुळे मी तेव्हाही ते जाणत होतो.

मी म्हटलं, "अण्णा, शेतात दिवसभर पंपसेट ऐकतोस, तो आता दारात पण आणून बांधणार की?"

तो हसला. "पंपसेट पाणी तर देतो रे."

"पेट्रोल घे. मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर ते इंजिन कसं गातं ते ऐक, मग बोल."

त्याने पेट्रोल घेतली. आणि मी तिथे थांबलो नाही. पोंगलच्या सुट्टीत गेलो तेव्हा त्याला घेऊन कोइंबतूरला गेलो, तिथे शर्यतीच्या गाड्या तयार करणारा एक ओळखीचा होता. मोकळा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, रुंद टायर. अण्णा प्रत्येक गोष्टीला लहान मुलासारखा मान हलवत होता. स्प्रिंगांपाशी मात्र अडला. आखूड स्प्रिंगा बसवल्या की गाडी जमिनीला चिकटून वळते, हे मी त्याला सांगितलं. त्याने गाडीखाली हात घालून बघितलं. "किती खाली येणार?"

"चार बोटं."

"गावाजवळ कालव्यावरचं पूल आहे की. उंटाच्या पाठीसारखं आहे ते. तू लहानपणी सायकलवरून पडलास, विसरलास?"

"हळू ने ना. घाई कोणाला आहे?"

आता मोकळेपणाने सांगतो. ती गाडी मला हवी होती. पुण्यात मी स्कूटरवर होतो, आणि अशी गाडी मला कधी जमेल असं वाटत नव्हतं. सुट्टीत येऊन चालवावी म्हणून मी माझ्या मनातली गाडी त्याच्या नावावर तयार करून घेतली. त्याच्या आईचा, त्या पुलाचा विचार माझ्या डोक्यात आला होता आणि मी तो बाजूला सारला. विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

दीड वर्ष सगळं छान चाललं. मग एका सकाळी आत्याच्या छातीत कळ आली. अक्काने फोन केला, अण्णा ऑफिसातून तसाच निघाला. एकटा जाताना गाडी पुलाला नुसती घासली. परत येताना गाडीत चौघं होती: मागे आत्या, तिला धरून अक्का, पुढे शेजारचे एक गृहस्थ. गाडी आणखी बसली होती. पुलाच्या माथ्यावरच्या दगडाने चेंबर फुटलं, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं. अण्णाला आवाज आला, पण थांबायची छाती झाली नाही. तेल रस्त्यावर सांडत गेलं आणि सहा-सात किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना नुसतं भात, इंजिन आवळून बंद पडलं. अर्ध्या-पाऊण तासाने दुधाची एक व्हॅन थांबली. आत्याने त्या व्हॅनमध्येच प्राण सोडला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. अक्काने ते ऐकून घेतलं नाही.

दहाव्या दिवशी घाटावरून परतल्यावर, सगळे ओसरीवर बसले असताना, तिने विचारलं, "ती गाडी खाली कोणी केली?" मी अण्णाच्या शेजारीच बसलो होतो. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. तो म्हणाला, "मीच केली. मज हौस होती." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी खाली मान घालून बसलो. त्या दिवसापासून अक्का भावाशी बोलली नाही.

अण्णाने जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या, इंजिन बांधून घेतलं आणि ती गाडी विकली नाही. दर रविवारी अक्काकडे जायचा. भाजी, औषधं, कधी बल्ब असं काही आणलेलं तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर ठेवायचा, थोडा वेळ बसायचा आणि परत यायचा. वीस वर्षं. मी एकदा म्हटलं, "अण्णा, मी सांगतो तिला." तो म्हणाला, "कशाला? एकाशी बोलत नाही, ते पुरे. दोघं भाऊ तोडलेस तर तिला कोण?" मला सुटल्यासारखं वाटलं. त्याने दिलेली ती सोय मी घेतली आणि दर दिवाळीला अक्काला साडी पाठवत राहिलो. तिची आशीर्वादाची पत्रं यायची. ती मी जपून ठेवली आहेत, आणि उघडत नाही.

हे सगळं इथे लिहायचं ठरवलं तेव्हा लक्षात आलं की तिकडे हे कोणालाच वाचता येणार नाही. मराठी समजते, अक्षरं कळत नाहीत. म्हणजे छापून कबुली द्यायची आणि पुन्हा लपायचंच. म्हणून आधी अक्काकडे गेलो, मागच्या आठवड्यात. ती आता पंच्याहत्तरीची आहे. दार उघडून म्हणाली, "ये रे रघू, कॉफी टाकते." मी म्हटलं, आधी ऐक. उभ्यानेच सगळं सांगितलं, कोइंबतूर, चार बोटं, ओसरीवरचा तो प्रश्न... ती ऐकत असताना फिल्टरमधून डिकॉक्शन थेंब थेंब गळत होतं.

माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "तो बाहेर बसायचा तेव्हा मी आत बसायचे. तो उठेपर्यंत. गाडीचं दार लागलं की मग बाहेर जाऊन पिशवी आणायची."

तिने फिल्टरवरचं झाकण काढून परत ठेवलं.

"वीस वर्षं त्याला एक टंबलर कॉफी दिली नाही मी. उन्हातून यायचा रे तो."

मग तिने स्टोव्ह बंद केला. "बस आहे सव्वा अकराला," एवढंच म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. मी बाहेर येऊन तिण्णैवर बसलो. चपला घालायच्या होत्या. घरात कसलाच आवाज नव्हता, भांड्याचा नाही, पावलांचा नाही. ती आत बसली होती, मी उठायची वाट बघत. बस येऊन गेली. दार लोटलेलं होतं, आणि आत हाक मारायची माझी छाती झाली नाही.