गच्चीवरचं हवेचं यंत्र

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे स्वच्छतेचं भूत. त्यांच्या घरात शिरायचं तर आधी तळवे दाखवा! आम्ही हसायचो. पण त्यांच्या लेकीला, आमच्या चिमणीला, दमा. जरा धूळ उडाली की पोर धापा टाकायची आणि पंप शोधायला घरभर पळापळ. मग कसलं हसू!

पलीकडच्या माळावर तेल शुद्धीकरणाचा कारखाना येणार होता. परवानगीआधी इथली हवा वर्षभर मोजायची म्हणून एक यंत्र आलं, ते जाऊबाईंच्या गच्चीवर बसलं. आत पांढरा कागद, त्यावर धूळ जमायची. अधूनमधून एक माणूस येऊन कागद बदलून न्यायचा.

"आपली हवा किती चांगली आहे ते एकदा दिसू दे त्यांना," जाऊबाई म्हणाल्या. "मग बघू कोणाची हिंमत होते ती नासवायची!"

आणि लागल्या कामाला. रोज सकाळी गच्ची धुवायची, गल्लीत पाणी मारायचं. कचरा जाळणाऱ्यांच्या तर त्या हात धुऊन मागे लागल्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कोळसा सोडायला लावला. "माझ्या पोरीसाठी, भाऊ," एवढंच म्हणायच्या, आणि लोक ऐकायचे. मीही कुरकुरत बादल्या वाहिल्या.

खरं सांगते, त्या वर्षी चिमणी जिना धावत चढली. पंप कपाटात पडून होता.

मग शाळेच्या सभागृहात कारखान्याच्या परवानगीची सुनावणी झाली. जाऊबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत. प्रदूषण मंडळाचे साहेब उठले, म्हणाले, "तुमच्या भागातली हवा उत्तम आहे. अभिनंदन!" जाऊबाईंनी माझा हात घट्ट दाबला.

साहेब पुढे बोलतच होते. हवेत किती घाण चालते याची एक मर्यादा असते. तुमची हवा त्या मर्यादेच्या बरीच खाली आहे. कारखान्याचा धूर त्यात मिसळला तरी मर्यादा ओलांडली जात नाही. तेव्हा परवानगीला हरकत दिसत नाही.

जाऊबाई उभ्या राहिल्या. "अहो साहेब, पण ती हवा आम्ही राखली होती! झाडून, धुऊन!"

मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. साहेब गोड आवाजात म्हणाले, "वा, छान. असंच चालू ठेवा." अस्सा संताप आला मला! वाटलं, त्या टेबलावरचं पाणी त्याच्या डोक्यावर ओतावं. जाऊबाई मात्र तोंडात मारल्यासारख्या खाली बसल्या.

यंत्र उतरवून नेलं. कारखान्याची अजून एक वीटही लागलेली नाही, पण गल्लीत कचरा पुन्हा पेटायला लागला. आता कोणाला कोणत्या तोंडाने अडवणार? काल संध्याकाळी गेले तर चिमणी मांडीवर, छाती वाजतेय, आणि जाऊबाईंच्या हातात पंप.

"वर्षभर पोरीने जो श्वास घेतला ना गं," त्या म्हणाल्या, "तोच मोजून त्यांनी कारखान्याच्या धुराला जागा केली."

मी उठले आणि खिडकी लावून घेतली.