वसाबी आणि शैलाकाकूंचं नाक

बाहेरून मागवलेल्या जेवणाबरोबर केचपच्या पुड्या येतात, त्या कुणी जमवत नाही, तरी ड्रॉवर भरतोच. अमेरिकेत, सिअ‍ॅटलशेजारच्या बेलव्ह्यूला दर शनिवारी आमचं पॉटलक असतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा; तिथे किस्से असेच साठलेत. त्यातले निम्मे वसाबीचे!

प्रफुल्ल नागपूरहून नवीन आला, तेव्हा आम्ही त्याला जपानी सुशी खायला नेलं. ताटलीच्या कडेला वसाबीची, म्हणजे त्या झणझणीत जपानी चटणीची, हिरवी गोळी बघून म्हणाला, "एवढीशीच चटणी? काय कंजूष लोक आहेत यार!" आणि अख्खी गोळी तोंडात! मग टेबल घट्ट धरून बसला. डोळ्यांतून धारा. वेट्रेसनं "ऑल गुड?" विचारलं, तर अंगठा वर केला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मिरची जिभेशी भांडते. ही डायरेक्ट मेंदूशी भांडली!"

आमच्यातल्या शैलाकाकूंची मुलगी रिया इथेच जन्मली आणि सिअ‍ॅटलमध्ये एका जपानी रेस्टॉरंटात शेफ आहे. हा किस्सा ऐकून ती शांतपणे म्हणाली, "काका, दॅट वॉज नॉट इव्हन वसाबी." बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग कालवून देतात म्हणे. प्रफुल्ल भडकलाच. "म्हणजे मी डुप्लिकेटसाठी रडलो?"

मग मी वसाबीची एक ट्यूब आणली आणि आपल्या पद्धतीनं तिला बटाट्याच्या भाजीत घालून, वरून फोडणी देऊन, झाकण ठेवून चांगली वाफ काढली. रियानं कपाळावर हात मारला. "मावशी, यू कुक्ड इट? तापवलं की तिचा झणका उडून जातो!" खरंच उडाला होता. प्रफुल्लनं मात्र दोनदा भाजी वाढून घेतली. "आत्ता कुठे ही माणसांत आली!"

या सगळ्यात शैलाकाकू हसायच्या, पण आधीसारख्या नाही. कोविडमध्ये त्यांना वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही. ज्यांच्या आमटीसाठी आम्ही शनिवारची वाट बघायचो, त्या आता दुकानातले चिप्स घेऊन यायच्या. "फोडणी झाली की जळली, हेच कळत नाही. कुणाला काय खायला घालू?" फार वाईट वाटायचं.

एकदा रियानं खरी वसाबी आणली. आल्यासारखं गाठाळ, हिरवं खोड. थंड, वाहत्या पाण्यात वाढतं. हे इथल्याच, अमेरिकेच्या किनाऱ्याकडच्या एका मळ्यातलं होतं. तिनं ते बारीक किसणीवर गोल गोल किसलं. "लगेच खा, थोड्या वेळात चव जाते." काकूंनी लेकीचं मन राखायला चिमूटभर घेतली आणि एकदम नाक धरलं.

"लागलं! अगं, नाकात लागलं!"

"आई, दॅट्स जस्ट द स्टिंग. वास वेगळा, झणका वेगळा. डोन्ट गेट युअर होप्स अप."

"असू दे. आत कुणीतरी राहतंय, एवढं तर कळलं!"

तेव्हापासून काकूंचा नेमच झाला. आधी चिमूटभर वसाबी, मग लवंगेची बरणी, मग हिंगाची डबी, वास येतो का बघत एकेक नाकाशी धरून बसायच्या. आम्ही विचारायचो, "काही?" त्या नाही म्हणून मान हलवायच्या आणि झाकण लावायच्या. पुढच्या शनिवारी डब्या पुन्हा पर्समध्ये.

गेल्या शनिवारी पॉटलक माझ्याकडे होतं. आमटीची फोडणी करायला तेल तापवलं, हिंग टाकला, तेवढ्यात हॉलमध्ये प्रफुल्लनं नव्या पाहुण्यांना तोच गोळीचा किस्सा सुरू केला. शेवट ऐकायला मीही गेले. सगळे हसत होते, काकूही. हसता हसता त्या थांबल्या. मान वळवली, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला.

"अगं, हिंग जळतोय तुझा!"

रियाच्या हातातली प्लेट तिरकी झाली, पण ती आईकडेच बघत होती.

स्मोक अलार्म त्यानंतर वाजला. तो बंद करायला कुणीच उठलं नाही.