थंड पडलेलं कार्ड

जावईबापू मारुंजीला राहतात आणि कॉम्प्युटरचं काम करतात. काम म्हणजे काय, तर खुर्चीत बसून बोलणं. मी चौथीत शाळा सोडली आणि तीस वर्षं चाकणच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबला. दाही बोटं अजून जागेवर आहेत. त्यावरून काय ते समजा.

त्यांनी आमच्या संत तुकाराम नगरच्या घरी टीव्हीखाली एक काळं खोकं आणून ठेवलं. घरचे सगळे व्हिडिओ त्यात, लेकीच्या लग्नाचासुद्धा. स्टुडिओवाल्यानं तो फार भारी करून दिलेला, आमच्या जुन्या टीव्हीला तो झेपत नाही. म्हणून खोक्यानं तो चालता चालता हलका करून टीव्हीकडं पाठवायचा. त्या कामासाठी आत एक खास कार्ड बसवलंय, असं जावईबापूंनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

व्हिडिओ चार पावलं चाले आणि अडके.

बायकोचा भाऊ दिवाळीनंतर गेला. लग्नात मामा म्हणून त्यानं भाचीला हाताला धरून मांडवात आणलं होतं, तेवढंच त्याचं चालतं चित्र आमच्याकडं. तो फेटा सावरत निघे आणि मधेच तोंड उघडं ठेवून थिजे. बायको उठून आत जाई. एकदा जाता जाता म्हणाली, "त्यो आसा मधीच थांबलेला मला न्हाई बघवत."

पहिल्या रविवारी जावईबापूंनी वायफायला दोष दिला. दुसऱ्या रविवारी भिंतीवरून नवी वायर टाकली, माझा रंग खरवडला. तिसऱ्या रविवारी म्हणाले, टीव्हीच बदला. मी म्हणालो, चालू मशीन मी भंगारात घालत नाही. त्यावर ते हसले. शिकलेली माणसं हरली की हसतात.

मग मी खोक्याचं झाकण काढायला लावलं आणि व्हिडिओ लावायला सांगितला. एक पंखा बोंबलत होता. कार्डावरचा पंखा ढिम्म.

आमच्याकडं मशीन आवाज करायला लागलं की बेअरिंगला हाताची पाठ लावायची. तळहात नाही. करंट उतरला असेल तर तळहात चिकटतो, पाठ झटक्यानं मागं येते. हे कुठल्या पुस्तकात नाही. बोंबलणाऱ्या पंख्यापाशी हाताची पाठ नेली, तर भट्टी. कार्डापाशी नेली, तर माठाला हात लावल्यासारखं गार.

"जावईबापू, तुमचं कार्ड कामावरच आलेलं न्हाई."

"बाबा, सेटिंगमध्ये टिक केलंय," म्हणाले, आणि मोबाइल माझ्या नाकापुढं धरला.

टिक मला शिकवतात. आमचा सुपरवायझर केबिनमध्ये बसून महिन्याभराच्या ऑइलिंगच्या टिका एका दमात मारायचा. कागदावर मशीन तेलात न्हालेलं, इकडं बेअरिंग कोरडंठाक. मी त्यांना म्हणालो, टिक बघू नका, हात लावा.

लावला. बोट लावलं, तेही घाबरत. मग लॅपटॉप उघडला. बऱ्याच वेळानं सांगितलं की खोक्यातला प्रोग्रॅम एका बंद कप्प्यात चालतो आणि त्या कप्प्यात कार्डाला आत सोडायचं राहून गेलं होतं. म्हणून सगळा भार त्या बोंबलणाऱ्या पंख्याखालच्या प्रोसेसरवर पडत होता. म्हणजे कारागीर गेटपास नाही म्हणून बाहेर उभा, आणि आत हेल्पर प्रेस ओढतोय. असली कारखानदारी मी कंत्राटदाराकडं पुष्कळ पाहिली. पण तो कंत्राटदार तरी स्वतःला इंजिनिअर म्हणवत नव्हता.

दोन ओळी लिहिल्या, खोकं बंद करून चालू केलं. बोंबलणं थांबलं. मी पुन्हा हाताची पाठ नेली. कार्ड कोमट.

बायकोला हाक मारली. ती आली, पण दारातच उभी राहिली, पुन्हा आत जायच्या तयारीनं. तिच्या भावानं फेटा सावरला, भाचीचा हात धरला आणि चालू लागला. अडकायची जागा गेली. तो चालतच राहिला, लोकांतून वाट काढत, थेट अंतरपाटापर्यंत.

"पोचला एकदाचा," ती म्हणाली आणि खाली बसली.

जावईबापूंनी विचारलं, पुढचं लावू का. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं आणि तेवढंच पुन्हा लावायला लावलं.