लाल ओळी वाचणारे अप्पा

अप्पा कॉम्प्युटरसमोर बसले की आधी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. पडद्यावरची तक्रार शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून झाल्याशिवाय हात बाहेर येत नसत. "आधी ते काय म्हनायलंय ते तर ऐका," म्हणायचे. मला या प्रकाराचा भयंकर राग यायचा.

लातूरच्या आमच्या स्कॅन सेंटरचे कॉम्प्युटर अप्पा सांभाळत. कपाळावर विभूती, काखेत पिशवी, असे आठवड्यातून दोनदा निलंग्याहून एसटीने येत. रोजचं काम माझ्याकडे: संध्याकाळी सर्व्हरवरची स्कॅन बाहेरच्या डिस्कवर उतरवायची. उतरवताना 'परवानगी नाही' अशा लाल ओळी धडाधड यायच्या. वेगळी ओळ दिसली की मला फोन करा, असं अप्पांनी बजावलं होतं. मी कशाला करते? रोजचंच रडगाणं म्हणून पडद्यावरची ती खिडकी बंद करून घर गाठायचे.

एका दुपारी सर्व्हर कुरकुरायला लागला आणि नेमका तेव्हाच नांदेडहून फोन आला. लोह्याच्या एका गुरुजींच्या मेंदूत गाठ दिसली होती, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. तिथल्या डॉक्टरांना आमच्याकडचं दोन वर्षांपूर्वीचं स्कॅन हवं होतं. गाठ जुनीच आणि तेवढीच असेल तर डोकं उघडायची गरज नव्हती. मी डिस्कवर गुरुजींचं फोल्डर उघडलं. रिकामं.

नशीब, अप्पा त्या दिवशी सेंटरमध्येच होते. परवानगीचीच अडचण असणार म्हणून मी घाईघाईने सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली सगळ्यांना खुल्या करायला निघाले होते. "थांबा ताई," ते म्हणाले. "समद्या फाइलींवर हात फिरवला तर ह्यो सर्व्हर तिथंच मरंल." आणि बसले हात दाबून, एकेक ओळ वाचत. मला किंचाळावंसं वाटत होतं.

बहुतेक ओळी निरुपद्रवी निघाल्या. सर्व्हर प्रत्येक फाइलीसोबत तिच्या मालकाचं नाव ठेवतो. डिस्कची मांडणी वेगळी, तिच्यात ते नाव लिहायला जागाच नाही. फाइल जायची, नावापुरती तक्रार यायची. पण त्या गर्दीत एक वेगळी ओळ होती. जुन्या स्कॅन मशीनच्या फाइली वाचायलाच आमच्या लॉगिनला मनाई होती, त्या कधी उतरल्याच नव्हत्या; गुरुजींचं स्कॅन त्यातलंच. अप्पांनी त्या मशीनच्या लॉगिनने, मालकाचं नाव मागे सोडून, आधी फक्त गुरुजींचं फोल्डर ओढलं. तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही; डिस्कवरून एकेक चित्र उघडून पाहिलं, मगच नांदेडला पाठवलं. तासाभरात सर्व्हर कायमचा बसला.

गाठ जुनीच होती, तसूभरही वाढली नव्हती. ऑपरेशन रद्द झालं. पण बाकीची जुनी स्कॅन गेली ती गेलीच. सेंटरच्या मालक डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावून विचारलं, या ओळी बघायचं काम कोणाचं होतं? अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्याच नजरंतून सुटलं, साहेब."

त्याच दिवशी त्यांना काढून टाकलं. बाहेर मी रडायला लागले तर म्हणाले, "तुमची लेकरं शिकायलीत, ताई. मला घरी शेत हाय." आणि बसस्टँडकडे चालते झाले. मला त्यांच्या चांगुलपणाचा संताप आला, आणि स्वतःची किळस.

खरं सांगायचं म्हणून दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले, दोनदा परत आले. डॉक्टर अजून नव्या माणसाला सांगतात, आधीचा म्हातारा निष्काळजी होता. मी तिथंच उभी असते.