बावड्याच्या बँडची एका गाण्याची कॅसेट

बावड्याचा भानुदास ट्रंपेट फुंकायचा तवा नवरदेवाचा आजासुदीक कंबर हलवायचा. पण शहाऐंशीला त्याचं अन् ढोलवाल्या सावळारामाचं भांडण लागलं, वरातीत म्होरं कुणी चालायचं ह्यावरनं, अन् बँड मोडला. आठ वर्सं भानुदासनं नुसतं उसाला पाणी दिलं. मग एक नवी चाल डोक्यात बसली, तवा सावळारामाच्या दारात जाऊन म्हणाला, "चल, कॅसेट काढू."

बायको अक्काबाई म्हणाली, "काढा. पण ह्या लगीनसराईत ती ऐकून एक तरी सुपारी आली पायजे. न्हायतर ते पितळ मोडीत घालून मी घागर आणीन."

बारामतीत जळोचीच्या अंगाला एका खोलीत रेकॉर्डिंग. तितल्या माणसानं बँडच्या सातीजणांना खुर्च्यांवर बसवलं. चाल काय उठंना. क्लारनेट कुठं, ढोल कुठं.

"बसून आमी जेवतो, साहेब," सावळाराम म्हणाला. "वाजवतो चालत."

उभं करून बघितलं, तरी तेच. शेवटी माइक मधी ठेवला अन् सातजण घाण्याच्या बैलागत त्याच्याभवती फिरले. गोलात म्होरं कोण अन् मागं कोण ह्याचा पत्ता न्हाय, म्हणून भांडणबी न्हाय. चाल अशी उठली की रेकॉर्डिंगवाल्याचा पाय हलाय लागला.

"पण माइकच्या तोंडासमोर आलं की आवाज मोठा होतोय, मागं गेलं की बारीक होतोय," तो म्हणाला.

"वरात येती अन् जाती," भानुदास म्हणाला.

कॅसेटीच्या दोन्ही अंगाला तेच एक गाणं. दुसरं बसवलंच नव्हतं.

इंदापुरात एका चहावाल्याच्या टेपवर भानुदासनं ती लावली अन् कोपऱ्यात बसला. आवाज जवळ आला तशी गिऱ्हाइकं उठून रस्त्यावर गेली. एकानं वाटेतली सायकल बाजूला घेतली. लासुर्ण्याचा जोतीराम, पोरीचं लगीन ठरलेला, चहाची बशी धरून उन्हात उभा. वरात काय येईना.

"बँड कुठं गेला रं?"

"टेपात हाय, तात्या. आमचाच हाय."

जोतीरामानं गार चहा पिऊन टाकला. "मला उन्हात उभं केलंस. आता सतरा तारखेला लासुर्ण्यात तू उन्हात चालायचं. समदी मानसं घिऊन यायचं, टेप न्हाय."

घरी येऊन भानुदासनं सुपारीचं सांगितलं. अक्काबाई उठून आत गेली. पेटीतनं बँडचा लाल कोट काढून त्याच्या अंगावर चढवला. बटणं अन् काजं एकमेकांपासनं वीतभर लांब.

"पोट आत घ्या."

"आत घेतलं तर फुंकू कशानं?"

अक्काबाईनं सुई दातात धरली अन् कोटाची शिवण उसवाय घेतली.