रिकामी आणा, भरलेली न्या

रहिमतपूरच्या आमच्या सोडा कारखान्यात बाजाराच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या बाटल्यांचा ढीग पडायचा आणि प्रत्येक बाटलीमागं एक किस्सा! बाटल्या धुऊन पुन्हा भरता यायच्या, किस्से मात्र साठतच गेले. आता बसलाच आहात तर ऐका.

कारखाना कसला, दोन खोल्या, पुढच्या खोलीत दुकान, मागं गॅसचं मशीन! मालक अण्णा, सांगलीकडचे जैन. मशीन मी फिरवायचो. बाटल्या गोटीच्या, गळ्यातली काचेची गोटी आत ढकलली की फस्स! दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली आणि नव्या बाटल्या यायच्या बंद झाल्या. आहेत त्या परत आल्या तर धंदा, नाहीतर अण्णांनी कुलूप लावून गावाकडं जायचं. म्हणून अण्णांचा नियम, रिकामी आणा, भरलेली न्या. आणि फोडणाऱ्याला जन्मात सोडा नाही!

आलेली बाटली अण्णा उजेडात धरायचे, हुंगायचे, तोंडावरनं बोट फिरवायचे. मगच मला आरोळी, "जमा!" टवका उडालेला असला तर आरोळी नाही. मग बाटली मामलेदाराची का असेना!

*

एकदा किसनतात्याची बाटली हुंगून अण्णा भडकले. "तात्या, घासलेट भरलं हुतंसा हिच्यात?"

"न्हाई वो अण्णा! आईच्यान न्हाई! हिच्यात गोडंतेल हुतं."

"मग वास कसला येतोय?"

"त्यो माझ्या हाताचा. घासलेट दुसऱ्या बाटलीत हाय की!"

"कुणाच्या बाटलीत?"

तात्यानं घराची वाट धरली. संध्याकाळी दुसरी बाटलीही आली. मी ती राखेनं घासून घासून दमलो.

*

पोरांचा तर वैताग होता. गोटीसाठी बाटल्या फोडायची कार्टी! अण्णांनी युक्ती काढली. आमच्याकडं फुटलेल्या बाटल्यांच्या गोट्या डबाभर होत्या. "साबूत बाटली आणा, गोटी न्या!"

झालं! पोरांनी गाव उपसलं. खाटांखालनं, गोठ्यातनं, कुठनं कुठनं बाटल्या आल्या. एक कार्टं धापा टाकत आलं, बाटली अजून अर्धी भरलेली. मागनं त्याचा आजा ढेकर देत पळतोय, "आरं ए! माझी पिऊन व्हायची हाय अजून!"

*

आता स्टेशनवरचं सांगतो. गावातली पोरं पलटणीत भरती होऊन निघाली होती. त्यात हौसाक्काचा एकुलता एक दत्तू. त्यानं खिडकीतनं अण्णांकडून सोडा घेतला, दोन घोट घेतले आणि गाडीच हलली!

सगळा प्लॅटफॉर्म पोरांसाठी रडतोय आणि आमचे अण्णा धोतर सावरत गाडीमागं पळतायत. "बाटली दे रं! बाटली!"

दत्तू खिडकीतनं ओरडला, "आणून दीन अण्णा! आईला म्हणावं, बाटली आली का इचारत ऱ्हा!"

दुसरी कुणी असती तर विसरली असती. हौसाक्का दर बाजारी दुकानापुढं उभी. "आवं अण्णा, आली का बाटली?"

"येतीया आक्का. आमची बाटली कुठं बी गेली तरी परत येती."

सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. पुढं गावात दोन घरी पोरगा गेल्याच्या तारा आल्या. त्यानंतर आक्का लांबनं दिसली की मी मशीनमागं तोंड लपवायचो. अण्णा मात्र तेच उत्तर द्यायचे, मशीनपाशी येऊन उगीचच माझ्यावर खेकसायचे आणि नाक शिंकरायचे.

*

लढाई संपली. माणसं एकेक करून परतू लागली, दत्तूचा पत्ता नाही. आक्का येतच होती.

आणि एका बाजारी भर गर्दीत दत्तू दुकानापुढं उभा! वाळून काटकी झालेला, पाय ओढत चालणारा. मागं हौसाक्का, पदराचा बोळा तोंडात धरलेला.

मी मशीन सोडून धावलो. पण दत्तू अण्णांपुढं मान खाली घालून उभा. त्यानं खिशातनं एक गोटी काढली आणि फळीवर ठेवली.

"अण्णा, बाटली फुटली तिकडं. हीच तेवढी ऱ्हायली."

 फोडणाऱ्याला सोडा नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. आक्का घाबरीघुबरी होऊन अण्णांच्या तोंडाकडं बघायला लागली.

अण्णांनी गोटी उचलली. उजेडात धरली. हुंगली. तिच्यावरनं सावकाश बोट फिरवलं.

आणि सगळा बाजार वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "जमा!"